दिवाळीच्या सुट्टीत वर्कशॉपची किल्ली द्या

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य, विभागप्रमुख आणि संस्थाचालक

स. न. वि. वि.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. लेथ, मिलिंग, पाइप वाकवायचं मशीन, टिग आणि मिग वेल्डिंग. साखर कारखान्यांची कामं आणि टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचे सुटे भाग यांवर पोट चालतं. गेली बरीच वर्षं तुमच्या कॉलेजांची पोरं-पोरी 'काका, बाहा आहे', 'काका, रोबोकॉन आहे' (पहिली स्वतः बनवलेल्या, खडबडीत रानातून पळणाऱ्या गाड्यांची स्पर्धा, दुसरी रोबोंची) म्हणत दारात उभी राहतात. त्यांच्या नळ्या वाकवता वाकवता आणि हब टर्न करून देता देता मी यात असा अडकलो, की आता दरवर्षी नियमपुस्तिका मीही वाचतो. कधी कधी पोरांच्या आधी वाचतो.

पत्राच्या सुरुवातीला 'ही तक्रार नव्हे' असं लिहायची रीत आहे. मी तसं लिहीत नाही. तक्रार आहे, आणि ती पोरांबद्दल नाही.

स्पर्धेहून परतलेली टीम भेटायला येते तेव्हा प्रत्येकीची कहाणी वेगळी असते. कुणाची गाडी तपासणीत अडकली, कुणाची ब्रेक टेस्ट झाली नाही, कुणाची चेन शर्यतीत तुटली. मग कॉलेजातलं कुणीतरी ठरलेलं वाक्य बोलतं: आपली पोरं हुशार आहेत हो, पण पुण्या-मुंबईसारखं एक्स्पोजर नाही. मला हे पटत नाही. वर येणाऱ्या टीमच्या पोरांना आपल्या पोरांपेक्षा जास्त गणित येतं असं मला कधी दिसलं नाही. पैसा काहींकडे जास्त असतो, काहींकडे नसतो. त्या सगळ्यांकडे असते ती एकच गोष्ट: भरपूर चालवून झालेली, दोन-चारदा मोडून दुरुस्त झालेली गाडी. आपली गाडी मात्र पहिल्यांदा मोडते ती स्पर्धेच्या ट्रॅकवर.

असं का होतं ते बघायला कॅलेंडर उलटं मोजावं लागतं. फॉर्म्युला भारत ही विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा जानेवारीत कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होते. बाहाची मुख्य फेरीही बहुतेक वेळा नव्या वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांतच येते. जानेवारी धरून चालू. त्याआधी नोव्हेंबर-डिसेंबरात सत्र परीक्षा, म्हणजे तेव्हा पोरं गाडीला हात लावायला मोकळी नाहीत. चाचणीसाठी सलग वेळ उरतो तो दिवाळीच्या सुट्टीचा. दिवाळीत गाडी मैदानावर हवी, तर फ्रेम, सस्पेन्शन, ट्रान्समिशन सप्टेंबरअखेर जुळलेलं हवं. त्यासाठी नळ्या, बेअरिंगं, डॅम्पर ऑगस्टच्या सुरुवातीला हातात हवेत. त्यासाठी जुलैत डिझाइनवर शेवटची सही व्हायला हवी, आणि पैसे जूनमध्ये मंजूर व्हायला हवेत.

आणि जून ते ऑगस्ट तुम्ही सगळे प्रवेशांत बुडालेले असता. कॅप राउंड म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, कागदपत्रं, पालकांच्या भेटी. हे मी समजू शकतो, जागा भरल्या नाहीत तर कॉलेजच चालणार नाही. पण त्या गर्दीत टीमची फाइल जी खाली जाते ती गणपती उठल्यावर वर येते. मग परचेस कमिटी बसते. तीन कोटेशनं मागवली जातात. ज्या मापाची नळी आपल्या भागात एकाच व्यापाऱ्याकडे मिळते तिच्यासाठीही तीन कोटेशनं. मग दोन कोटेशनं पोरं ओळखीपाळखीने कशीतरी गोळा करतात, हे तुम्हालाही ठाऊक असतं आणि कमिटीलाही. ऑर्डर निघेपर्यंत घट बसलेले असतात.

नेमक्या त्याच वेळी आमच्या एमआयडीसीत काय चाललेलं असतं ते ऐका. आपल्या जिल्ह्यात जितके साखर कारखाने आहेत तितके राज्यातल्या क्वचितच कुठल्या जिल्ह्यात असतील. त्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. हंगामाआधीचे दोन महिने ऊस कॅरिअरच्या पट्ट्या, पंपांच्या शाफ्ट, गिअरबॉक्सची कामं यांनी प्रत्येक वर्कशॉप भरलेलं असतं, आणि आम्हाला मरायलाही फुरसत नसते. पोरं नळ्या घेऊन येतात तेव्हा माझ्या दारात कारखान्याचा टेम्पो उभा असतो. तीच पोरं जुलैत आली असती तर मी मशीन त्यांच्या हातात देऊन शेजारी स्टूल टाकून बसलो असतो. सोलापूरचं वर्ष असं आहे. पुण्याच्या कॉलेजचं वेळापत्रक उचलून इथे लावलं तर ते बसत नाही.

पुढे काय होतं ते तुम्ही बघितलेलं आहे. डिसेंबरात दोन पेपरांच्या मधल्या दिवशी गाडी पहिल्यांदा सुरू होते. कॉलेजच्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारते. पोरं 'होतंय बे!' म्हणून ओरडतात, व्हिडिओ निघतो, आणि काही दिवसांत गाडी ट्रकमध्ये चढते.

आता ती गाडी कुठे उतरते ते बघा. फॉर्म्युला भारतसारख्या, फॉर्म्युला स्टुडंट पद्धतीच्या स्पर्धेला एकूण १००० गुण असतात. त्यातले ३२५ कागद आणि बोलण्यावर: डिझाइन १५०, खर्चाचा हिशेब १००, व्यवसाय योजना ७५. उरलेले ६७५ गाडी पळवून मिळवायचे. त्यातही सर्वांत मोठा वाटा एन्ड्युरन्सचा, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या दमाच्या शर्यतीचा. निम्म्या अंतरावर ड्रायव्हर बदलतो, इंजिन बंद करावं लागतं, आणि तापलेलं इंजिन बाहेरच्या मदतीशिवाय पुन्हा सुरू झालं पाहिजे. थंड इंजिन रोज सकाळी झटक्यात सुरू होतं म्हणून निश्चिंत असलेल्या टीम इथे बसतात. तापलेलं इंजिन बंद करून दोन मिनिटांनी पुन्हा सुरू करून बघायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. गाडी तेवढी तापेपर्यंत घरी कधी चाललेलीच नसते. बाहामध्ये हीच परीक्षा चार तासांची, तीही दगड, खड्डे आणि उड्यांवरून.

ब्रेकचंच घ्या. तपासणीत गाडी वेगात आणून ब्रेक दाबायचा आणि चारही चाकं जाम व्हायला हवीत. तीन झाली, एक फिरलं, तर नापास. गणितात चारही चाकं जाम होतात. मैदानावर होत नाहीत, कारण नवे पॅड डिस्कवर नीट बसायला चालवणं लागतं, लाइनीत राहिलेली हवा पुन्हा पुन्हा काढावी लागते, पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल गाडीच्या खऱ्या वजनावर लावावा लागतो, आणि गाडीचं खरं वजन कागदावरच्या वजनापेक्षा नेहमीच जास्त भरतं. हे सगळं स्पर्धेच्या पिटमध्ये, दोनशे लोक बघत असताना शिकायचं का?

बोल्टांचं तर विचारूच नका. मोडणाऱ्या गाड्यांत नळी तुटल्याचं मी क्वचित ऐकलं. नट सैल झाला, रॉड एंडचा जॅम नट निघाला, वायरीचं क्रिम्प सुटलं, अर्थिंग हललं, हेच जास्त. ज्या टीम चाचणी करतात त्या प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळून नटावरून बोल्टावर पेंट मार्करची एक सरळ रेघ ओढतात. गाडी फिरून आली की रेघ तुटली आहे का तेवढं बघायचं. दहा रुपयांचं काम. पण कुठला बोल्ट सैल होतो हे कळायला गाडी आधी हादरली पाहिजे, आणि हादरायला ती पळाली पाहिजे.

संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत उंच, जड नंदीध्वज पेलणारा माणूस सराव भोगीच्या दिवशी सुरू करत नाही, हे सोलापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. मग गाडीच्या बाबतीत आपण सगळे ते का विसरतो?

म्हणून माझी पहिली आणि मुख्य मागणी: दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजचं वर्कशॉप आणि मैदान टीमसाठी उघडं ठेवा. आज बहुतेक ठिकाणी धनत्रयोदशीच्या आधी कुलूप लागतं ते सुट्टी संपल्यावरच निघतं. अर्धी गाडी आत, पोरं बाहेर. कारण विचारलं की उत्तर येतं: काही झालं तर जबाबदारी कोणाची?

प्रश्न रास्त आहे. ग्राइंडरचं चाक फुटून काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे मी तो उडवून लावणार नाही. पण त्याची उत्तरं आहेत. वर्कशॉपमध्ये एकट्याने कुणी काम करायचं नाही. वेल्डिंग आणि ग्राइंडिंग दिवसाउजेडीच, वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर हजर असतानाच. त्यांना त्या दिवसांचा वेगळा मोबदला द्या. लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला कुणालाच बोलावू नका. विद्यार्थ्यांचा अपघात विमा बघून घ्या, त्यात चाचणीही बसते का ते लिहून घ्या. मैदानावर अग्निशामक सिलिंडर, ड्रायव्हरला हेल्मेट आणि पट्टे, आणि पट्टे सोडून गाडीतून बाहेर पडायचा सराव. स्पर्धेत त्यासाठी ५ सेकंद मिळतात, घरी केलेला असला की तिथे जमतो. एवढं झालं की जबाबदारीचा प्रश्न कागदावर मिटतो. कुलूप लावून तो मिटत नाही; पोरं मग गाडी ढकलत बाहेरच्या रस्त्यावर नेतात आणि धोका दुप्पट होतो.

ट्रॅक लागतो म्हणून घाबरू नका. फॉर्म्युला गाडीला पार्किंगची सपाट फरशी आणि रस्त्यावर ठेवतात तसे कोन पुरतात. दोन वर्तुळं आखली की वळणाची चाचणी झाली. बाहासाठी आपल्याकडे जे आहे ते पुण्याला विकत मिळणार नाही: पावसाळा संपल्यावर भेगाळलेली काळी जमीन, मुरमाचे चढ, सोडून दिलेल्या दगडखाणी. मालकाची लेखी परवानगी काढा, पाण्याचे कॅन घ्या आणि गाडी दिवसभर चालवा. जे मोडायचं आहे ते मोडू द्या.

पैशांबद्दल थोडक्यात. रक्कम वाढवा असं मी म्हणत नाही. आहे तीच रक्कम जूनमध्ये द्या. सगळी देता येत नसेल तर नळ्या आणि बेअरिंगांपुरता पहिला हप्ता द्या, बाकीची डिझाइन तपासून झाल्यावर. टीमच्या नावाने आगाऊ रक्कम आणि महिन्याला हिशेब, ही पद्धत लावली तर पोरं जीएसटीची बिलं जपायला शिकतील, आणि स्पर्धेतला खर्चाचा अहवालही त्यातूनच तयार होईल. सध्या काय होतं? पोरं खिशातून घालतात, आणि ज्याच्या घरून येत नाही तो टीममधून गळतो. यंत्रमागावर काम करणाऱ्या बापाचा मुलगा असा गळताना मी पाहिला आहे. त्याच्या हाताला जी नजर होती ती टीममधल्या दुसऱ्या कुणाच्या हाताला नव्हती.

त्यावरून एक गोष्ट. या गावात पहिली कापड गिरणी १८७० च्या दशकात उभी राहिली. तेव्हापासून इथे यंत्र ऐकून दुरुस्त करणारी माणसं आहेत. मागावरचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री, शेडमध्ये शिरतो आणि शंभर मागांच्या खडखडाटात कुठल्या मागाचं बेअरिंग गेलंय ते सांगतो. चादरीवरचा मोर ज्या जकार्डवर विणला जातो ते यंत्र पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरची भोकं वाचून धागे उचलतं. जोसेफ मारी जकार्डने ते १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये केलं, आणि संगणकाचा इतिहास शिकवताना तुमचे सर त्याचं नाव घेतात. पण ते यंत्र रोज हाताळणारा माणूस कॉलेजपासून काही किलोमीटरवर राहतो आणि त्याला आजवर कुणी कॉलेजात बोलावलेलं नाही. बोलवा. त्याची पदवी विचारू नका, मानधन द्या. 'अतिथी व्याख्याता' म्हणून नाव घालायला नियम आडवा येत असेल तर दुसऱ्या नावाने द्या, नावं शोधण्यात आपल्या संस्था पटाईत आहेत. इथेच १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स जगभरच्या गाड्यांसाठी कॅमशाफ्ट घडवते आहे. कास्टिंग, मशीनिंग, मोजमाप यांत आयुष्य घातलेले लोक या शहरात आहेत. त्यांच्याकडे आपण फक्त स्पॉन्सरशिपचा चेक मागायला जातो, तोही ऑक्टोबरात. ड्रॉइंग घेऊन जून महिन्यात गेलो तर चेकपेक्षा मोलाचं काहीतरी मिळेल.

डिझाइनच्या फेरीत परीक्षक काय विचारतात ते तुमच्या मार्गदर्शक सरांना ठाऊक आहे, पण ते वर सांगत नसावेत, म्हणून इथे सांगतो. ते 'का' विचारतात. ही नळी याच जाडीची का? बाहाच्या नियमात रोल केजच्या, म्हणजे ड्रायव्हरभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याच्या, मुख्य नळ्यांचं पोलाद, कार्बनचं प्रमाण, भिंतीची जाडी सगळं दिलेलं असतं, आणि त्याच्या बरोबरीची दुसरी नळी वापरायची असेल तर गणित दाखवावं लागतं. पोरं गणित दाखवतात. मग परीक्षक विचारतात, समोरून धडक बसली तर इतकं बळ येईल असं धरलंय, तो आकडा कुठून आणला? आकडा आधीच्या बॅचच्या अहवालातून आलेला असतो, त्यांचा आणखी आधीच्या बॅचकडून, आणि त्यांचा इंटरनेटवरच्या कुणाच्या तरी प्रेझेंटेशनमधून. संगणकावर लाल-हिरव्या रंगात रंगवलेली फ्रेम सगळ्यांकडेच असते. ज्या टीमने गाडीवर साधा मोबाइल बांधून उडीचा धक्का मोजला आणि 'आम्ही एवढा धरला होता, निघाला तेवढा, म्हणून हा ब्रॅकेट बदलला' असं सांगितलं, तिच्यासमोर परीक्षक खुर्ची पुढे ओढून बसतात. हेही पुन्हा चाचणीतूनच येतं. कागदावरच्या १५० गुणांचा रस्तासुद्धा मैदानातून जातो.

वेल्डिंगबद्दल लिहायचा मोह आवरत नाही, क्षमा करा. नळीच्या तोंडाला माशाच्या तोंडासारखी खाच कापून ती दुसऱ्या नळीवर फट न राहता बसली पाहिजे. फट मोठी राहिली की पोरं म्हणतात, 'काका, भरून टाका ना.' मी भरत नाही. भरलेली फट दिसायला बरी असते, धक्का बसला की तिथूनच उकलते. शिवाय एका बाजूने सलग वेल्ड मारत गेलं की फ्रेम पिळते, मग सस्पेन्शनचे पॉइंट जागेवर येत नाहीत आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. आधी टॅक, म्हणजे छोटे ठिपके, मारायचे, मग उलटसुलट बाजूंनी, थंड होऊ देत. बाहामध्ये वेल्डिंगचे नमुने कापून दाखवायला लावतात ते उगाच नाही. प्रत्येक बॅचच्या दोघांना तरी टिग वेल्डिंग स्वतः करता आलं पाहिजे. आयटीआयमध्ये शिकवणारी माणसं आहेत, फक्त सांगायला हवं.

काही संस्थांत याच्या उलट दिशेने पावलं पडतात. बाहेरगावाहून अख्खी गाडी बनवून आणायची. माझ्याकडेही अशी विचारणा होते, 'रेट काय पडेल?' मी असं काम घेत नाही. माझ्या नकाराने फरक पडत नाही, दुसरा घेतो. पण परीक्षकाने स्टिअरिंगचा एक सांधा दाखवून 'हा असा का केलात?' विचारल्यावर पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं ते लपत नाही. आणि त्या पोरांना चार वर्षांत मिळतं काय, तर टी-शर्ट.

मुलींविषयी. टीमच्या फोटोत त्या असतात, वर्कशॉपमध्ये कमी दिसतात. सेल्स प्रेझेंटेशन, खर्चाचा अहवाल, गाडीवरचे स्टिकर, ही कामं न विचारता त्यांच्याकडे जातात. याचं मोठं कारण वसतिगृहाचं फाटक आहे. टीमचं खरं काम संध्याकाळी तास संपल्यावर सुरू होतं आणि मुलींचं फाटक त्यानंतर थोड्याच वेळात बंद होतं. फाटकाची वेळ बदलणं तुम्हाला अवघड वाटत असेल, पालकांचे फोन येतात हे मला कळतं. मग कामाची वेळ बदला. वर्कशॉप सकाळी सहाला उघडा. सोलापूरच्या उन्हात दुपारी तीनला पत्र्याखाली काम करण्यापेक्षा ते सगळ्यांनाच बरं. माझ्याकडे आलेल्यांत सर्वांत सरळ टिग मारणारी एक मुलगी होती. तिला टीमने मार्केटिंग हेड केलं होतं.

रोबोकॉनवाल्यांचं दुखणं वेगळं आहे. ती स्पर्धा २००२ पासून आशिया-पॅसिफिकच्या प्रसारण संस्थांच्या संघटनेच्या नावाने होते, यजमान देश दरवर्षी नवा खेळ ठरवतो. २००८ मध्ये पुण्यात खेळ होता गोविंदाचा, २०२२ मध्ये दिल्लीत लगोरीचा. दोन्ही आपल्या अंगणातले. सामना बहुतेकदा तीन मिनिटांचा. खेळाचं मैदान दिलेल्या मापाचं हुबेहूब बनवून त्यावर रोबो शेकडो वेळा फिरवला नाही तर त्या तीन मिनिटांत काहीही होऊ शकतं: फरशीवर चाक घसरतं, हॉलमधल्या दिव्यांनी सेन्सर आंधळे होतात. त्या मैदानाला मोठी बंदिस्त जागा लागते. तुमच्या प्रत्येकाच्या इमारतीत एक ड्रॉइंग हॉल आहे, जिथे संगणकावर ड्रॉइंग सुरू झाल्यापासून बोर्डांवर धूळ बसली आहे. तो द्या.

स्मार्ट इंडिया हॅकेथॉनचं सोपं आहे असा समज आहे, कारण त्यात काही कापावं-जोडावं लागत नाही. सहा जणांची टीम, त्यात किमान एक मुलगी हवीच, आणि सॉफ्टवेअरची अंतिम फेरी ३६ तासांची. प्रश्न खरे असतात, बरेचसे सरकारी खात्यांनी दिलेले. ज्याचा प्रश्न आहे त्या माणसाला एकदा जाऊन भेटलेली टीम आणि न भेटलेली टीम यांच्यातला फरक पहिल्या पाच मिनिटांत दिसतो. पाणीपुरवठ्याचा प्रश्न निवडलात तर सोलापूरकरांना भेटायला फार लांब जावं लागणार नाही, एवढंच म्हणतो.

आता बॅच बदलण्याचं. अंतिम वर्षाची पोरं मे महिन्यात जातात आणि सगळं शहाणपण त्यांच्या लॅपटॉपमधून त्यांच्याबरोबर जातं. नवी टीम पुन्हा शून्यापासून तेच ब्रॅकेट मोडून बघते. उपाय साधा आहे, पण तो विद्यार्थ्यांवर सोडला तर होत नाही. दर टीमकडून एक 'काय मोडलं' वही घ्या: तारीख, काय मोडलं, का मोडलं असं वाटतं, काय बदललं, नंतर पुन्हा मोडलं का. ही वही जमा झाल्याशिवाय अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टचे गुण देऊ नका. आणि ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग यांतला एकेक भाग प्रोजेक्ट म्हणून मान्य करा. आज अनेक ठिकाणी पोरं रात्री गाडी बनवतात आणि दिवसा प्रोजेक्टच्या नावाने दुसरंच काहीतरी, बरेचदा विकत आणलेलं, करतात. ज्या संस्था स्वायत्त आहेत त्यांना तर अभ्यासक्रमात यासाठी श्रेयांक ठेवायला बाहेर कुणाकडे जायचीही गरज नाही. टीममध्ये दुसऱ्या वर्षाची पोरं हवीत, नुसती स्पॅनर पकडायला नव्हेत, एकेका भागाची जबाबदारी घेऊन.

मार्गदर्शक प्राध्यापकांचं कुणीच लिहीत नाही. बहुतेक वेळा हे काम सर्वांत तरुण, सर्वांत कमी पगाराच्या आणि नोकरी पक्की नसलेल्या सरांकडे किंवा मॅडमकडे येतं. तासिका तेवढ्याच, वर नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइली, प्रवेशाच्या काळात गावोगाव शाळा-कॉलेजांत जाऊन प्रचार, आणि रविवारी टीम. त्यांचा तासिकांचा भार कमी करा. नाहीतर वर्षभरात ते दुसरीकडे जातात आणि टीमचं उरलेलं शहाणपणही नेतात.

कुठल्या स्पर्धेत उतरायचं हेही एकदा नीट ठरवा. नावात 'इंटरनॅशनल' असलेल्या आणि प्रवेश शुल्कावर चालणाऱ्या स्पर्धा बऱ्याच निघाल्या आहेत. पैसे भरण्याआधी नियमपुस्तिका मागा. ती विस्कळीत असेल, तपासणीची पद्धत दिलेली नसेल, आधीच्या वर्षांचे पूर्ण निकाल उघड नसतील, तर सोडून द्या. जर्मनीतल्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत प्रवेशासाठीच नियमांवरची प्रश्नपत्रिका सोडवावी लागते, त्यावरून नियमपुस्तिकेचं वजन समजावं. वर्षाला एकच स्पर्धा, पण पुरी. तीन स्पर्धांना तीन अर्धवट यंत्रं नेऊन एखाद्या उपविभागात बेचाळिसावा नंबर आला की चौकात 'ऑल इंडिया रँक'चा फ्लेक्स लागतो. त्यावर संस्थाचालकांचा फोटो केवढा आणि पोरांचा केवढा, हे मी इथे लिहीत नाही, सात रस्त्यावर उभं राहिलं की दिसतं. फ्लेक्सच्या खर्चात एक बरा टॉर्क रेंच येतो.

तुमच्याकडून या वर्षीसाठी तीनच गोष्टी लेखी हव्यात. पहिला हप्ता कुठल्या तारखेला देणार, दिवाळीत वर्कशॉप कोणत्या दिवशी, किती वाजता उघडणार आणि तिथे कोण असणार, आणि चाचणीसाठी कुठली जागा. नोटीस बोर्डावर लावलंत तरी चालेल, पोरं फोटो काढून मला पाठवतील.

माझ्या बाजूने मी हे करतो. जुलैअखेरपर्यंत जी टीम पूर्ण ड्रॉइंग आणि नियमपुस्तिका घेऊन येईल तिच्या फ्रेमच्या नळ्या मी वाकवून देईन, मजुरी घेणार नाही. खाचा मात्र पोरांनी स्वतः कापायच्या, कानस मी देतो. रविवारी दुपारनंतर टिगचं मशीन रिकामं असतं, शिकायला कुणीही यावं, मुलींनी दोघी-तिघी मिळून यावं म्हणजे घरच्यांनाही काळजी नाही. सप्टेंबर उजाडल्यावर आलात तर नंबर लावावा लागेल. आधी कारखान्याचा टेम्पो सुटेल, मग तुमची गाडी.

आपला,
अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक वर्कशॉपवाला